‘माझी बहीण असती तर...’

माझी भाची नववीत आहे. मे महिन्याच्या सुट्टीत ती आमच्याकडे राहायला आली होती. दोन दिवस तिनं एनोला होम्सचे २०२० आणि २०२२ सालचे सिनेमे पाहिले, आणि तिसऱ्या दिवशी कपाटातून शेरलॉक होम्सच्या कथांचं जुनं मराठी भाषांतर काढून बसली. संध्याकाळी मी कामावरून आले तर हिचा चेहरा पडलेला. “मावशी, ह्यात एनोला नाहीच आहे!” मी म्हटलं, “ती नव्हतीच गं. तिला आत्ता आत्ता जन्माला घातलंय.” “म्हणजे खोटी?” मी म्हटलं, “शेरलॉक तरी कुठे खरा आहे?” त्यावर ती गप्प बसली, पण तिचं समाधान काही झालं नाही. खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. म्हणून हा लेख.

काही मैत्रिणी म्हणतील, अंकाची पानं मोजकी, प्रश्न ढीगभर, आणि ही बाई इंग्रजांच्या डिटेक्टिव्हची बहीण घेऊन बसली! पण भाचीच्या निमित्तानं मी त्या कथा वीस वर्षांनी परत वाचल्या, तेव्हा चपापलेच. लहानपणी मला त्यात सापांची, हिऱ्यांची आणि धुक्याची मजा वाटली होती. आता वाचताना वाटलं की हे तर आमच्या केंद्रातलं रजिस्टर आहे. बेकर स्ट्रीटच्या त्या जिन्यावरून बायका वर येतात त्या घरातली माणसं जाच करतात म्हणून. बाप, सावत्र बाप, नवरा. आणि बहुतेक ठिकाणी कारण एकच : तिच्या नावावर असलेले पैसे.

आधी नातेवाइकांचा हिशोब. आर्थर कॉनन डॉइलनं १८८७ ते १९२७ या चाळीस वर्षांत होम्सवर चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा लिहिल्या. एवढ्या पसाऱ्यात होम्सच्या घरच्यांविषयी कळतं ते मूठभर. वाडवडील गावाकडचे छोटे जमीनदार. सात वर्षांनी मोठा भाऊ मायक्रॉफ्ट, तोही १८९३ सालच्या एका कथेत अचानक उगवतो. तोवर बिचाऱ्या वॉटसनला वाटत असतं की आपला मित्र अनाथ आहे. आणि एक आजी, जिची ओळख म्हणजे ती एका फ्रेंच चित्रकाराची बहीण. आजीची ओळखसुद्धा ‘अमक्याची बहीण’ अशीच! आईचं नाव नाही. बहिणीचा पत्ता नाही.

ही रिकामी जागा भरायला पुढे अनेकजण सरसावले. १९६२ साली बेअरिंग-गूल्ड नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं होम्सचं ‘चरित्र’ लिहिलं आणि त्याला शेरिनफर्ड नावाचा थोरला भाऊ दिला. का, तर घराणं जमीनदाराचं, मग जमीन सांभाळायला कोणीतरी मुलगा नको का! १९७५ साली जीन वाइल्डर या नटानं सिनेमा काढून सिगर्सन नावाचा धाकटा भाऊ आणला. १९९४ साली लॉरी किंग या लेखिकेनं मेरी रसेल नावाची पंधरा वर्षांची मुलगी त्याची शिष्या म्हणून आणली, आणि ती मोठी झाल्यावर पुढच्या पुस्तकात तिचं होम्सशीच लग्न लावलं. (वयातलं अंतर बघता मला ते पचलं नाही, पण ते असो.) मग २००६ साली नॅन्सी स्प्रिंगर यांनी एनोला आणली : चौदा वर्षांची, दोन बड्या भावांची विसरलेली बहीण. आणि २०१७ साली बीबीसीच्या ‘शेरलॉक’ मालिकेत आली युरस.

या दोन बहिणी शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. युरस दोघा भावांपेक्षाही बुद्धिमान. पण लहानपणीच ‘धोकादायक’ ठरते. घरातले पुरुष, आधी एक काका आणि मग मायक्रॉफ्ट, ठरवतात की तिला बेटावरच्या तुरुंगात ठेवायचं, आणि आईवडिलांना सांगतात की ती मेली. शेरलॉक तर तिला पार विसरूनच जातो. मालिका लिहिणाऱ्यांनी तिला इतकी भयंकर रंगवलीय की कोंडणं बरोबरच होतं असं आपल्याला वाटावं. बुद्धिमान बाई आणि माळ्यावरची वेडी बाई यांच्यात भिंत किती पातळ असते, ते त्यांनी नकळत दाखवून दिलं!

एनोला मात्र पळते. वडील गेल्यावर घर, पैसा आणि बहीण, तिन्ही थोरल्या भावाच्या ताब्यात. मायक्रॉफ्ट तिला मुलींच्या शाळेत घालून ‘वळण’ लावायला निघतो आणि ही सायकलवर टांग मारून लंडन गाठते. मला या पुस्तकातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आईचा हिशोब. आई वर्षानुवर्षं मायक्रॉफ्टकडून नोकरमाणसांचे, मास्तरणीचे, घरदुरुस्तीचे म्हणून पैसे मागवते. ना नोकर, ना मास्तरीण, ना दुरुस्ती. ते पैसे ती साठवते आणि मुलीसाठी घरात लपवून ठेवून निघून जाते. मराठी बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको. डाळीच्या डब्यातल्या नोटा त्या याच!

म्हणजे एनोलाबद्दल मला आपुलकीच आहे. भाचीनं तिच्यासाठी वेडं व्हावं याचा आनंदही आहे. तक्रार आहे ती वेगळी. या सगळ्या नव्या नातेवाइकांना गोष्टीत शिरकाव मिळतो तो कशाच्या जोरावर? आडनावाच्या. तो मिळाल्यावर आणखी एक अट : भावाइतकी किंवा भावाहून हुशार असली पाहिजे. दुसऱ्या सिनेमाला याची जाणीव आहे. एनोला स्वतःचं ऑफिस थाटते तेव्हा येणारी गिऱ्हाइकं शेरलॉकलाच शोधत असतात. पण त्याच सिनेमाला आधार आहे तो १८८८ सालच्या लंडनमधल्या काडेपेटी कामगार बायकांच्या संपाचा. तो खरा घडलेला. ब्रायंट अँड मे कंपनीच्या सुमारे चौदाशे बायका आणि मुली जुलै महिन्यात कामावरून उठून बाहेर पडल्या. सडणाऱ्या जबड्यांच्या, दंडानं कापल्या जाणाऱ्या मजुरीच्या बायका. त्यांच्याविषयी पेपरात लिहून रान उठवलं होतं ॲनी बेझंटनी, म्हणजे आपण होमरूलमुळे ओळखतो त्याच. सारा चॅपमन ही सिनेमात दाखवलेली कामगार मुलगीही खरी. ती संपाच्या कमिटीवर होती. तो संप त्यांनी जिंकला आणि स्वतःची युनियन काढली. त्यासाठी कुठल्या डिटेक्टिव्हची हुशार बहीण यावी लागली नव्हती.

जाता जाता एक गंमत सांगते, हसावं की रडावं अशी. २०२० साली पहिला सिनेमा यायच्या आधी डॉइल यांच्या वारसांच्या कंपनीनं अमेरिकेत दावा ठोकला. म्हणणं असं की जुना होम्स सगळ्यांचा झाला, त्याच्यावर आमचा हक्क संपला, हे कबूल; पण तो माणसांशी मायेनं वागू लागला, बायकांचा आदर करू लागला, ते शेवटच्या काही कथांमध्ये, १९२३ नंतर, आणि त्या कथांचा कॉपीराइट अजून आमचाच आहे. सिनेमातला भाऊ बहिणीशी मायेनं वागतो, सबब आमच्या मालकीचा भंग झाला! दावा त्याच वर्षाच्या अखेरीस मिटला. पण बाईचा आदर करणं ही कोणाची तरी खाजगी मालमत्ता असू शकते, असं वकिलामार्फत लिहून दिलेलं मी तरी पहिल्यांदाच वाचलं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. मूळ कथांमध्ये होम्सला बहीण नाही, पण ‘बहीण’ हा शब्द आहे. ‘कॉपर बीचेस’ नावाची १८९२ सालची कथा. व्हायलेट हंटर ही एकटी, कमावती मुलगी. लोकांच्या घरी मुलांना शिकवून पोट भरते. पाच वर्षं एका घरी महिना चार पौंडांवर काम केलं, ते कुटुंब परदेशी गेलं आणि हिची नोकरी सुटली. साठवलेले पैसे संपत आले. अशात रूकॅसल नावाचा एक गोडबोल्या माणूस वर्षाला शंभर पौंड देऊ करतो. अट एवढीच की केस कापायचे, आणि सांगू तो पोशाख घालून सांगू तिथे बसायचं. ती आधी नाही म्हणते. मग घरी येऊन रिकामं कपाट आणि टेबलावरची बिलं बघते, पगार एकशे वीसवर जातो, आणि ती जायचं ठरवते. पण जायच्या आधी होम्सचा सल्ला घ्यायला येते. होम्स तिला सांगतो की माझी बहीण असती तर तिनं ही नोकरी धरलेली मला आवडली नसती. ती गेल्यावरही तो हेच पुटपुटत राहतो, माझ्या बहिणीनं हे कधी केलं नसतं, अशा अर्थाचं.

‘माझी बहीण असती तर...’ हे वाक्य मी मराठीत किती वेळा ऐकलंय! चौकीतल्या हवालदाराकडून, गावच्या सरपंचाकडून, भल्या भल्या सज्जन कार्यकर्त्यांकडून. त्यात वाईट हेतू नसतो. पण नीट ऐका, ते वाक्य त्या बाईशी बोलतच नाही. बिलं कशी भरायची, ते सांगत नाही. ते एका नसलेल्या बहिणीशी बोलतं, जिच्या पोटापाण्याची सोय भावानं केलेली आहे. व्हायलेटला कोणी भाऊ नाही. तिच्याकडे आहे ती बिलांची यादी. आणि खरं तर सगळा तपास तीच करते! बंद ठेवलेल्या भागात तीच शिरते, कप्प्यातले कापलेले केस तीच शोधते, रुमालात आरशाचा तुकडा लपवून पाठीमागे कोण उभं आहे ते तीच बघते. होम्स तारेवर येतो आणि तिनं जमवलेल्या गोष्टी जुळवून सांगतो.

बरं, हे वाक्य लिहिणाऱ्या डॉइलच्या स्वतःच्या बहिणी? वडील दारूपायी कामातून गेलेले, पुढे त्यांना इस्पितळांतच ठेवावं लागलं. घर चालवलं आईनं. आणि थोरली बहीण ॲनेट अगदी लहान वयात पोर्तुगालला गेली, लोकांच्या मुलांना शिकवायला, आणि पगार घरी पाठवत राहिली. पाठोपाठच्या दोघी बहिणीही त्याच कामाला तिकडेच गेल्या. म्हणजे ज्या नोकरीला होम्स ‘माझ्या बहिणीनं...’ म्हणून नाक मुरडतो, तीच नोकरी करून त्याच्या जन्मदात्याच्या बहिणींनी घर तगवलं. ॲनेट १८९० साली लिस्बनमध्ये इन्फ्लुएंझानं गेली. होम्सच्या कथांनी भावाचं नशीब उघडलं ते १८९१ साली. तिनं ते पाहिलं नाही. कापलेल्या केसांच्या या गोष्टीची कल्पनाही डॉइलला त्याच्या आईनं सुचवलेली. होम्सला तेव्हाच मारून टाकायचा बेत होता, तोही आईनंच हाणून पाडला. इतक्या बायकांच्या आधारावर उभा असलेला हा माणूस, पुढे घटस्फोटाचा कायदा बायकांना न्याय देणारा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं झटला, आणि त्याच वेळी बायकांच्या मताधिकाराला मात्र विरोध करत राहिला! संरक्षण देऊ, पण हातात काही देणार नाही. त्या ‘माझी बहीण असती तर’चाच हा दुसरा नमुना.

या कथेत आणखी एक मुलगी आहे, बंद खोलीतली. ॲलिस, रूकॅसलची पहिल्या बायकोची मुलगी. तिच्या नावावर मृत्युपत्रानं आलेले पैसे आहेत. बापाला हवी आहे एका कागदावर सही : लग्न कर नाहीतर करू नकोस, पैसा मी वापरणार. ती सही करत नाही. मग तिच्यामागे असा लकडा लावतात की ती मेंदूज्वरानं सहा आठवडे मरणाच्या दारात असते. तरी सही नाही, तेव्हा कुलूप. आणि तिच्यावर जीव असलेला तरुण बाहेर रस्त्यावर उभा राहतो, त्याला खिडकीत हसणारी ‘ॲलिस’ दाखवायला व्हायलेटचे केस कापलेले.

तो कागद आपल्याकडे सहज ओळखता येतो. त्याचं नाव हक्कसोड पत्र. महाराष्ट्रात १९९४ साली आणि सगळ्या देशात २००५ साली कायदा बदलला, मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखाच वाटा आला. कायदा आला आणि तलाठ्याच्या, दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर बहिणींच्या सह्यांसाठी गाड्या येऊन उभ्या राहू लागल्या. आपल्याकडे कुलूप लावत नाहीत. आपल्याकडे म्हणतात, “सही केलीस तर माहेर राहील.” भाऊबीजेची साडी, चार दिवसांचं माहेरपण, आईच्या आजारपणात उंबरा ओलांडायची मुभा, हे सगळं त्या अंगठ्याच्या बदल्यात. ॲलिस सहा आठवडे तग धरते. आमच्याकडच्या कितीतरी जणी जेवणाची पंगत उठायच्या आत सही करून मोकळ्या झालेल्या मी पाहिल्यात.

पण मला ज्या कथेनं झोप लागू दिली नाही ती वेगळीच आहे. १८९१ सालची, अगदी सुरुवातीची, ‘अ केस ऑफ आयडेंटिटी’. मेरी सदरलँड टायपिंग करते. पानामागे दोन पेनी, दिवसाला पंधरा-वीस पानं. शिवाय काकांनी ठेवलेल्या पैशांचं वर्षाला शंभरेक पौंड व्याज, ते ती घरात देते, कारण घरच्यांवर भार नको. घरी आई, आणि आईनं नव्यानं केलेला नवरा विंडीबँक, मेरीहून पाचच वर्षांनी मोठा. मेरीचं लग्न झालं तर हे व्याज जाणार. म्हणून हा सावत्र बाप वेष पालटतो, काळा चष्मा, कल्ले, कुजबुजता आवाज, आणि स्वतःच तिचा प्रियकर होऊन येतो! आईला हे ठाऊक असतं. ती साथ देते. लग्नाच्या दिवशी तो नाहीसा होतो. त्याआधी मेरीकडून बायबलवर हात ठेवून शपथ घेतलेली की काही झालं तरी मी तुझीच वाट बघेन. म्हणजे पुढची दहा वर्षं तरी व्याज कुठे जात नाही.

होम्स हे सगळं टाइपरायटरच्या झिजलेल्या अक्षरांवरून ओळखतो. विंडीबँकला समोर बसवतो, दार लावून घेतो. कायदा तुला हात लावू शकत नाही हे त्याला सांगतो, आणि म्हणतो की त्या मुलीला भाऊ किंवा मित्र असता तर त्यानं तुझ्या पाठीवर चाबूक ओढला पाहिजे होता. मग स्वतःच चाबूक घ्यायला धावतो. विंडीबँक जिन्यावरून पळून जातो. होम्स हसतो. वॉटसन विचारतो, आणि मेरी? होम्स म्हणतो, तिला सांगितलं तरी तिचा विश्वास बसणार नाही, आणि बाईचा भ्रम हिसकावून घेण्यातल्या धोक्याबद्दल एक जुनी फारसी म्हण ऐकवतो. गोष्ट संपते.

संपते! मेरी त्याच घरात आहे. संध्याकाळी विंडीबँक घरी जाणार, तिच्याच व्याजाचं जेवणार, आणि ती त्याला वाढणार. खरं तीन पुरुषांना माहीत आहे, आणि तिच्या आईला. फक्त तिला नाही. पैसे देऊन, वेळ काढून, उत्तर मागायला आली होती ती एकटीच.

होम्सवर दात काढणं सोपं आहे. आता आमचं सांगते.

काही वर्षांपूर्वी केंद्रात एक मुलगी येत असे. नाव, गाव सांगत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिशी ओलांडलेली, एका दुकानात हिशोब लिहिण्याचं काम. वडील नव्हते, तिच्या पगारावर घराचा हप्ता आणि भावाचा संसार. ती मारहाणीची तक्रार घेऊन आली नव्हती. तिला झोप लागत नव्हती. म्हणायची, “ताई, स्थळं येतात, पसंती होते आणि चार दिवसांत नकार येतो. माझ्यातच काहीतरी आहे.” सहा-सात वेळा असं झालेलं. पत्रिका दाखवून झाली, उपास झाले. मग एक दिवस तिची चुलती तिच्या नकळत आम्हाला भेटायला आली. भाऊच प्रत्येक ठिकाणी फोन करून सांगतो, मुलीला फिट्स येतात. आईला माहीत आहे. आई म्हणते, हप्ते फिटेपर्यंत तरी राहू दे.

आमची बैठक झाली. चौघीजणी, सगळ्या शिकलेल्या. तिला सांगायचं की नाही? एक म्हणाली, पुरावा काय? चुलतीचं जुनं भांडणही असेल. दुसरी म्हणाली, ती कोलमडेल, आधीच झोप नाही. तिसरी म्हणाली, घर तुटलं तर जाणार कुठे, आपल्याकडे निवाऱ्याची सोय आहे का? ही तिसरी मी होते. एम.एस.डब्ल्यू.च्या परीक्षेत ‘अशिलाचा स्वयंनिर्णयाचा हक्क’ यावर मी पंधरा मार्कांचं सुरेख उत्तर लिहिलं होतं. त्या दिवशी ते मला आठवलं नाही. ठरलं काय, तर ‘योग्य वेळी’ सांगू. ती महिनाभर येत राहिली, आम्ही तिला आत्मविश्वास वाढवण्याबद्दल सांगत राहिलो. मग ती यायची बंद झाली.

दीड वर्षानं आली. एका स्थळाकडच्या बाईनंच तिला गाठून विचारलं होतं, तुला खरंच फिट्स येतात का गं? ती आता वेगळी राहत होती, खोली घेऊन. आमच्याकडे फक्त एक विचारायला आली होती. “ताई, काकू तुमच्याकडे आली होती ना? तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?” मी हो म्हटलं. ती थोडा वेळ बसली. म्हणाली, “त्यानंतरच्या दिवाळीत मी त्याला ओवाळलं. बोनसमधून त्याला घड्याळ घेतलं.” आणखी काही बोलली नाही. चहा घेतला आणि गेली.

कोलमडली नव्हती. घर तुटलं होतं, पण खोली तिची तिनं शोधली होती.

म्हणून होम्सला बहीण द्यायचीच असेल, तर मला ती एनोलासारखी नको. ती फार हुशार नसली तरी चालेल. राखेवरून तंबाखू ओळखता नाही आला तर काही बिघडत नाही. ती ॲनेटसारखी कुठेतरी परक्या घरी मुलांना शिकवून आलेली असावी. चार पौंडांत महिना कसा काढायचा, एकट्या बाईला खोली कोण देतं, कुठल्या गल्लीतली घरमालकीण जास्त चौकशा करत नाही, हे तिला ठाऊक असावं. तपास शेरलॉकनंच करावा, त्याला ते जमतं, तिला त्यात भाग घ्यायचाही नाही. पण तो चाबूक भिंतीला परत टांगून व्हायोलिन हातात घेईल, तेव्हा हिनं शाल घ्यावी, दिवाबत्तीच्या वेळेला बाहेर पडावं आणि मेरी सदरलँडच्या घरी जाऊन तिला सांगावं. टाइप केलेली पत्रं शेजारी शेजारी ठेवून अक्षरं दाखवावीत. टायपिंग करणाऱ्या मुलीला झिजलेलं अक्षर ओळखायला डिटेक्टिव्ह कशाला लागतो? विश्वास नाही बसला तर परत जावं, आठ दिवसांनी. व्याजाचे शंभर आणि टायपिंगचे मिळून आकडा मांडून दाखवावा, की बाई गं, एवढ्यात तू एकटी राहू शकतेस. मग मेरीनं ठरवावं. वाट बघायची असली तर बघावी, पण माहीत असून.

एक मैत्रीण हे ऐकून म्हणाली, “तू डिटेक्टिव्हला बहीण नाही, समाजसेविका दिलीस. कंटाळवाणी गोष्ट होईल.” होईल बहुतेक. यात पाठलाग नाही, स्फोट नाही, आणि त्यावर कोणी सिनेमा काढणार नाही. दुसरी म्हणाली, “आणि मेरीनं रागानं हिलाच हाकलून दिलं तर?” तेही शक्य आहे. आमच्या दारावरूनही बायका शिव्या घालून गेल्यात. त्यातल्या काही परत आल्या, काही नाही.

भाचीला मी ही बहीण सांगून पाहिली. तिला फारशी आवडली नाही, सायकल नाही म्हणून. पण ती विचार करत होती. रात्री अंथरुणावर पडल्यावर म्हणाली, “मावशी, पण ती मेरीच्या घरी जाईल तेव्हा दार तर तिची आईच उघडणार ना? मग ती आईला काय सांगणार, कशाला आले म्हणून?”